कॉलेजच्या मुलांना भाड्याने द्यायला फ्लॅट घेताय? आधी हे कागद बघा

पुण्याच्या नऱ्हे-आंबेगावात फ्लॅट घ्यायचा, कॉलेजच्या मुलांना द्यायचा, हप्ता भाड्यातून सुटेल, असा हिशोब करून आलेले बरेच जण बँकेत जाऊन अडकतात. बहुतेकदा एकाच कागदावर: भोगवटा पत्र, म्हणजे इमारत मंजूर नकाशाप्रमाणे बांधली आणि राहायला योग्य आहे असा दाखला.

ते मागितलं की विक्रेता कराची पावती काढतो, नाहीतर ग्रामपंचायतीचा नमुना 8, म्हणजे कर आकारणीचा उतारा. दोन्हींनी काम होत नाही. कर अनधिकृत बांधकामावरही लागतो. आंबेगाव बुद्रुक पुणे महापालिकेत आलं 2017 ला, नऱ्हे 2021 ला. इमारत त्याआधीची असेल तर बांधकाम परवानगी कोणत्या कार्यालयाने दिली हे पहिलं विचारा, आणि मंजूर नकाशा मागा. मूळ फाइल 'सापडत नाही' असं ऐकलंत तर इसार देऊ नका. एवढं तरी ऐका.

दुसरा कागद झोन दाखला, म्हणजे विकास आराखड्यात जमीन कोणत्या वापरासाठी आहे ते सांगणारा. त्याचा अर्ज किरकोळ आहे: ताजा सातबारा, मोजणी नकाशा, शुल्क. गोंधळ होतो तो वाचताना. 'रहिवास विभाग' दिसलं की लोक कागदाची घडी घालतात. एकाच सर्व्हे नंबरचा काही तुकडा रहिवासात, काही आरक्षणात (शाळा, बाग अशा सार्वजनिक कामासाठी राखलेला) किंवा रस्त्याखाली असू शकतो. इमारत नेमकी कुठे बसते ते मोजणी नकाशावर बोट ठेवून बघा. शिवाय हा दाखला जमिनीचा. इमारत अधिकृत आहे असं तो म्हणत नाही.

कराचं बिल जुन्या मालकाचं बघू नका. तो स्वतः राहत असेल तर त्याला 40 टक्के सवलत असते, भाड्याने दिलं की ती जाते. मालक स्वतः न राहता फ्लॅट भाड्याने देतो तेव्हा सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावते; ते सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपर्यंतच घेता येतं, पण 'बॅचलर नकोत' हा वाद खरेदीआधीच सेक्रेटरींशी बोलून घ्या.

लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे भाड्याचा करार, नोंदवायचाच. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यात ही जबाबदारी घरमालकाची आहे, भाडेकरूची नव्हे. पोलिसांकडे भाडेकरूची माहितीही द्या. आणि पहिल्या वर्षाचा मुलगा पुष्कळदा सतराच वर्षांचा असतो, त्याच्या नावाचा करार चालत नाही. वडिलांच्या नावाने करा. आधार आणि अंगठा त्यांचाच लागतो, म्हणून मुलाला सोडायला ते लातूरहून येतात त्याच दिवशी करार नोंदवणाऱ्या एजंटला अंगठ्याचं मशीन घेऊन बोलवा.