हाविनी, तालोइ

(जन्म : १९८१). पॅसिफिक महासागरातील बूगनव्हिल प्रदेशाच्या समकालीन दृश्यकलावंत. जन्म आरावा येथे. बूगनव्हिलला लागून असलेल्या बुका बेटावरील हाको लोकांच्या नाकास कुळाशी त्यांचे नाते आहे. वडील मोझेस हाविनी बूगनव्हिलच्या स्वातंत्र्य चळवळीतील पुढारी. युद्धामुळे १९९० मध्ये कुटुंब ऑस्ट्रेलियात गेले. कॅनबरा येथे कलाशिक्षण.

हाविनी यांना सरसकट ‘मेलानेशियन’, म्हणजे नैर्ऋत्य पॅसिफिकमधील मेलानेशिया या बेटसमूहाच्या, म्हणतात. ही संज्ञा फ्रेंच दर्यावर्दी द्यूमाँ द्यूर्व्हिल याने १८३० च्या दशकाच्या प्रारंभी रूढ केली. अर्थ ‘काळी बेटे’, म्हणजे वर्गीकरण भूगोलापेक्षा वर्णावरच बेतलेले. काही अभ्यासक ती त्याज्य मानतात. तथापि बेटांवरील लोकांनीच ती अभिमानाने आपलीशी केल्याने येथे ठेवली आहे. बूगनव्हिल राजकीयदृष्ट्या पापुआ न्यू गिनीत, भौगोलिकदृष्ट्या मात्र सॉलोमन द्वीपमालेत मोडते. बुकावरील किलू गुहेतील वस्ती सुमारे २८ ते २९ हजार वर्षांपूर्वीची मानली जाते.

हाविनी यांच्या ‘बेरोआना’ या रचनांचे नाव शंखशिंपल्यांच्या पारंपरिक चलनावरून आले आहे. मराठी वाचकाला येथे कवडी आठवेल, पण ते साम्य फसवे आहे. कवडी अख्खी चालत असे. मेलानेशियात, उदाहरणार्थ सॉलोमन बेटांपैकी मलाइता बेटावरील लांगालांगा खारकच्छात, शिंपला फोडून, भोक पाडून, घासून चकत्या करतात आणि त्या माळेत ओवतात; मोल माळेचे असते. अशा माळा लग्नात, भरपाईत, तंटा मिटवताना दिल्या जातात. (पापुआ न्यू गिनीच्या आजच्या ‘किना’ या चलनाचे नावही शिंपल्याचेच.) हाविनी यांनी चकत्या मातीच्या केल्या : साधी भाजलेली माती, पोर्सिलीन व स्टोनवेअर, आणि त्या पोलादी तारेत ओवल्या.

मातीची ही निवड बूगनव्हिलमधील पांगुना खाणीपासून वेगळी काढता येत नाही. तेथे १९७२ पासून तांबे निघाले. १९८९ मध्ये खाण बंद पडली. खाणीच्या वादातून पेटलेल्या पुढच्या युद्धातील बळींचा २० हजार हा आकडा वारंवार दिला जातो. पापुआ न्यू गिनीने केलेल्या नाकेबंदीत औषधांवाचून दगावलेले धरले तरच तो पटण्याजोगा. बूगनव्हिलच्या बहुतेक भागांत जमीन आईच्या कुळाकडून येते, म्हणून खाणीचा वाद स्त्रियांच्या हक्काचाही होता. ‘ब्लड जनरेशन’ (२००९–११) ही छायाचित्रमाला त्यांनी स्टुअर्ट मिलर यांच्यासह केली. तिचे नाव युद्धकाळात जन्मलेल्या पिढीचे. ‘हॅबिटॅट’ या चित्रफितींत पांगुनाचा उजाड परिसर दिसतो.

‘रिक्लमेशन’ (२०२०) या मांडणशिल्पात कुळातील नातलग सहकर्मी होते. व्हेनिसमधील सान लोरेन्झो चर्चमध्ये २०२१ साली मांडलेल्या ‘आन्सर टू द कॉल’ या ध्वनिरचनेत बूगनव्हिलचे संगीतकार बेन हाकालित्झ यांचा सहभाग होता. समुद्रतळ मोजणाऱ्या जहाजाचे सोनार (ध्वनिलहरींनी खोली मोजणारे यंत्र) आणि पोकळ ओंडक्याचे ढोल तीत एकमेकांना साद-प्रतिसाद देतात. वेल्समधील दहावा आर्टेस मुंडी हा आंतरराष्ट्रीय कलापुरस्कार (४०,००० पौंड) हाविनी यांना मिळाला.