विद्यापीठाच्या दारात इमिग्रेशन अधिकारी : अमेरिकेतल्या नियमांची पार्श्वभूमी

२० जानेवारी २०२५ रोजी डोनाल्ड ट्रम्प यांनी दुसऱ्यांदा राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली आणि त्याच दिवशी अमेरिकेच्या होमलँड सिक्युरिटी (अंतर्गत सुरक्षा) खात्याने आपलं एक जुनं परिपत्रक रद्द केलं. शाळा-कॉलेजं, दवाखाने, चर्च अशा ठिकाणी इमिग्रेशनच्या अधिकाऱ्यांनी शक्यतो धरपकड करू नये, असं ते परिपत्रक सांगत होतं. ते रद्द करायला काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, ना चर्चा लागली, ना मतदान. खात्याच्या हंगामी प्रमुखांची सही पुरली. त्यानंतर अधिकारी आले तर कोणाला कळवायचं, कोणता कागद मागायचा, काय बोलायचं नाही, याच्या सूचना ठिकठिकाणच्या विद्यापीठांनी कर्मचाऱ्यांना नव्याने धाडल्या.

२०२३-२४ या शैक्षणिक वर्षात अमेरिकेत ३ लाख ३१ हजारांहून जास्त भारतीय विद्यार्थी होते, इतर कुठल्याही देशापेक्षा जास्त. पुण्या-नाशिकच्या कितीतरी घरांतलं कोणी ना कोणी तिथे एमएस करतंय. त्यामुळे हा विषय आपल्याला परका नाही. तो समजून घ्यायचा तर एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी लागते. परदेशी विद्यार्थ्यावर नजर ठेवण्याची तरतूद अमेरिकेने कायद्यात केली. त्याला कॅम्पसवर निर्धास्त राहता यावं ही तरतूद मात्र कायम परिपत्रकावरच राहिली.

नजर ठेवण्याची गोष्ट बरीच जुनी आहे. नोव्हेंबर १९७९ मध्ये तेहरानच्या अमेरिकन दूतावासात कर्मचाऱ्यांना ओलीस धरलं गेलं, तेव्हा राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी अमेरिकेतल्या इराणी विद्यार्थ्यांना इमिग्रेशन खात्यापुढे हजर होऊन कागदपत्रं दाखवायला सांगितलं. असे विद्यार्थी पन्नास हजारांच्या घरात होते. खालच्या कोर्टाने हा आदेश भेदभाव करणारा ठरवला, पण अपील कोर्टाने डिसेंबरमध्ये तो उचलून धरला. केवळ राष्ट्रीयत्व बघून विद्यार्थ्यांची छाननी करता येते, हे तेव्हा मान्य झालं.

पुढे १९९३ साली दोन घटना घडल्या. फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या तळघरात स्फोट झाला आणि त्यातला एक आरोपी विद्यार्थी व्हिसावर येऊन शिक्षण सोडून राहिलेला निघाला. मे महिन्यात त्या वेळच्या इमिग्रेशन खात्याने अधिकाऱ्यांना लेखी कळवलं की शाळा आणि प्रार्थनास्थळांमध्ये कारवाई टाळा, करायचीच तर वरिष्ठांची मंजुरी घ्या. स्फोटाच्या घटनेतून १९९६ चा कायदा आला, परदेशी विद्यार्थ्यांची माहिती सरकारला पुरवणं विद्यापीठांवर बंधनकारक करणारा. परिपत्रक परिपत्रकच राहिलं.

तो कायदा काही वर्षं रेंगाळला. विद्यापीठांना खर्च आणि कागदपत्रांचा व्याप नको होता. ११ सप्टेंबर २००१ नंतर ती चर्चाच संपली. हल्ला होऊन सहा महिने उलटल्यावर, मार्च २००२ मध्ये, मेलेल्या दोन अपहरणकर्त्यांचे विद्यार्थी व्हिसा मंजूर झाल्याची पत्रं फ्लोरिडातल्या फ्लाइंग स्कूलला पोहोचली आणि खात्याची पुरती नाचक्की झाली. २००३ पासून परदेशी विद्यार्थ्यांची 'सेव्हिस' ही संगणकीय नोंद सक्तीची झाली. त्याच वर्षी जुनं इमिग्रेशन खातं मोडून इमिग्रेशनची धरपकड करणारी 'आइस' ही नवी यंत्रणा उभी राहिली.

सेव्हिसचं काम रोजच्या पातळीवर कसं चालतं, हे पालकांना सहसा ठाऊक नसतं. विद्यार्थ्याने खोली बदलली तर दहा दिवसांत विद्यापीठाला कळवायचं. किती क्रेडिट घेतली, वर्ग सोडला का, नोकरी कुठे लागली, सगळं तिथे चढतं. ते चढवणारा माणूस विद्यापीठाचाच पगारी नोकर, डीएसओ (डेझिग्नेटेड स्कूल ऑफिशियल). व्हिसाच्या कागदांत अडचण आली की विद्यार्थी ज्याच्याकडे धावतात, तोच. सरकारने एखाद्या एफ-१ (विद्यार्थी व्हिसावरच्या) विद्यार्थ्याची ठरावीक माहिती मागितली तर तीन कामकाजी दिवसांत ती द्यावी लागते. १९७४ चा एक कायदा विद्यार्थ्याची शैक्षणिक नोंद त्याच्या संमतीशिवाय किंवा कोर्टाच्या आदेशाशिवाय उघड करू देत नाही. पण आय-२० वर, म्हणजे व्हिसासाठी विद्यापीठ देतं त्या प्रवेशाच्या फॉर्मवर, सही करताना परदेशी विद्यार्थी ही माहिती सरकारला द्यायला संमती देऊन बसलेला असतो.

म्हणजे अधिकारी दारात येतो तेव्हा फाइल बहुधा त्याच्या हाती आधीच असते. विद्यापीठाच्या हाती उरतं फक्त दार.

या दाराचा नियम अमेरिकन राज्यघटनेच्या चौथ्या दुरुस्तीतून येतो. हिरवळ, रस्ते, सर्वांना खुलं असलेलं कॅन्टीन इथे कोणीही फिरू शकतं, आइसचा अधिकारीसुद्धा. हॉस्टेलची खोली, कुलूपबंद प्रयोगशाळा, ओळखपत्राशिवाय न उघडणारा मजला इथे शिरायला न्यायाधीशाचं वॉरंट लागतं, नाहीतर तिथल्या माणसाची संमती. त्यामुळे सगळा भर कागद वाचण्यावर येतो. आइसच्या अधिकाऱ्याकडे बहुतेक वेळा आय-२०० किंवा आय-२०५ हा फॉर्म असतो. त्यावरही 'वॉरंट' असंच छापलेलं असतं, पण वर खात्याचं नाव असतं आणि खाली खात्याच्याच अधिकाऱ्याची सही. त्याने माणसाला अटक करता येते, बंद दार उघडायला लावता येत नाही. कोर्टाच्या वॉरंटवर कोर्टाचं नाव असतं, न्यायाधीशाची किंवा मॅजिस्ट्रेटची सही असते, झडतीची जागा आणि मुदत लिहिलेली असते. रिसेप्शनवर बसलेल्या, अनेकदा स्वतःच विद्यार्थी असलेल्या मुलीने हा फरक ओळखावा अशी अपेक्षा करणं अन्यायाचं आहे. म्हणून बहुतेक विद्यापीठं सांगतात: तुम्ही ठरवू नका. अडवू नका, खोटं बोलू नका, कोणाला लपवू नका. अधिकाऱ्याचं नाव आणि बॅज क्रमांक लिहून घ्या, कागदाची प्रत घ्या आणि विद्यापीठाच्या वकिलांना बोलवा.

१९९३ प्रमाणे २०११ मध्येही विद्यार्थी व्हिसाचं प्रकरण आणि परिपत्रक एकाच वर्षात आलं. ऑक्टोबरमध्ये आइसचे संचालक जॉन मॉर्टन यांनी 'संवेदनशील ठिकाणां'चं परिपत्रक काढलं आणि त्यात कॉलेजं-विद्यापीठं स्पष्ट शब्दांत आली. त्याच वर्षी जानेवारीत कॅलिफोर्नियातल्या ट्राय-व्हॅली युनिव्हर्सिटीवर छापा पडला होता. फीच्या बदल्यात व्हिसाची कागदपत्रं पुरवणारं ते दुकान होतं, पण फसलेल्या विद्यार्थ्यांमध्ये बहुसंख्य आंध्रची मुलं होती आणि त्यांतल्या काहींच्या घोट्याला रेडिओ टॅग बांधण्यात आले. भारत सरकारने त्याचा निषेध केला. २०१९ मध्ये तर आइसने मिशिगनमध्ये फार्मिंग्टन युनिव्हर्सिटी नावाचं बनावट विद्यापीठ स्वतःच चालवल्याचं उघड झालं. ना वर्ग, ना शिक्षक. सुमारे सहाशे जणांची नोंदणी, त्यांत बहुतेक भारतीय. काहींना फक्त व्हिसा टिकवायचा होता, हे खरं. तरीही सरकारी यंत्रणेने फी घेऊन मुलांना जाळ्यात ओढावं, हे मला आजही पटत नाही.

नोव्हेंबर २०१६ मध्ये ट्रम्प पहिल्यांदा निवडून आल्यावर अनेक कॅम्पसवर विद्यार्थ्यांनी 'सँक्च्युअरी कॅम्पस', म्हणजे इमिग्रेशनच्या कारवाईपासून आसरा देणारा कॅम्पस, जाहीर करण्याची मागणी केली. काही विद्यापीठांनी तो शब्द स्वीकारला, हार्वर्डसारख्यांनी नाकारला, कारण त्या शब्दाला कायद्याचा काहीच आधार नव्हता. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाने नेमकं काय करणार तेच लिहून काढलं, आपले कॅम्पस पोलीस इमिग्रेशनच्या कारवाईत सामील होणार नाहीत हेही. तेव्हा तिच्या प्रमुख होत्या जॅनेट नॅपोलिटानो. मॉर्टन यांचं परिपत्रक निघालं तेव्हा त्याच होमलँड सिक्युरिटी मंत्री होत्या. २०१७ मध्ये कॅलिफोर्नियाने अशा सूचना राज्याच्या कायद्यात आणल्या. देशपातळीवर मात्र संवेदनशील ठिकाणांचं विधेयक काँग्रेसमध्ये पुन्हा पुन्हा मांडलं गेलं आणि कधीच मंजूर झालं नाही. २०२१ मध्ये बायडन सरकारने 'संरक्षित क्षेत्रं' म्हणून यादी वाढवली, तीही परिपत्रकानेच.

म्हणून २०२५ मध्ये ती एका दिवसात गेली. ८ मार्चला पॅलेस्टाइनच्या बाजूच्या विद्यार्थी आंदोलनात पुढे असलेले महमूद खलील यांना कोलंबिया विद्यापीठाच्या मालकीच्या निवासी इमारतीच्या लॉबीत अटक झाली. पाच दिवसांनी कोलंबियातल्या दोन खोल्यांची झडती झाली, आणि त्या वेळी अधिकाऱ्यांकडे न्यायाधीशाचं वॉरंट होतं. विद्यापीठाला काही करता येण्याजोगं नव्हतं. २५ मार्चला टफ्ट्स विद्यापीठाच्या पीएचडी विद्यार्थिनी रुमेसा ओझटर्क यांना बॉस्टनलगतच्या सॉमरव्हिलमध्ये तोंड झाकलेल्या, साध्या वेशातल्या अधिकाऱ्यांनी रस्त्यावर धरलं. जॉर्जटाउन विद्यापीठात संशोधन करणारे भारतीय बदर खान सुरी यांना घराबाहेरून नेलं. यांतलं कोणीच वर्गात किंवा प्रयोगशाळेत पकडलं गेलं नाही. दाराचे सगळे नियम पाळूनही विद्यापीठं त्यांना वाचवू शकली नसती.

त्यानंतरच्या एप्रिलमध्ये तर कोणी दारात आलंच नाही. सरकारने सुमारे तेरा लाख परदेशी विद्यार्थ्यांची नावं पोलिसांच्या गुन्हे नोंदींशी ताडून पाहिली आणि हजारोंच्या सेव्हिस नोंदी परस्पर बंद केल्या. त्यांत वाहतुकीच्या किरकोळ गुन्ह्यांची आणि केव्हाच निकाली निघालेल्या प्रकरणांची मुलं होती, भारतीयही पुष्कळ. डीएसओंना ते कळलं संगणकावर एकेक नाव तपासताना. कोर्टात खटल्यांची रांग लागल्यावर २५ एप्रिलला सरकारने माघार घेऊन नोंदी पुन्हा सुरू केल्या. तोवर काही विद्यार्थी घाबरून मायदेशी परतले होते.

आता राज्याराज्यांत फरक पडत चालला आहे. फ्लोरिडात २०२५ मध्ये अनेक सार्वजनिक विद्यापीठांच्या पोलिसांनी आइसशी करार केले, ज्याने कॅम्पसवरच्या हवालदाराला इमिग्रेशनची चौकशी करता येते. असे करार करण्याची मुभा १९९६ च्याच कायद्याने दिलेली आहे. कॅलिफोर्नियाने सप्टेंबर २०२५ मध्ये उलट कायदा केला: इमिग्रेशन अधिकारी कॅम्पसवर आल्याची खात्री पटली की विद्यार्थ्यांना आणि कर्मचाऱ्यांना कळवायचं. त्यामुळे विद्यापीठ निवडताना फी आणि रँकिंगच्या जोडीला, तिथल्या कॅम्पस पोलिसांनी आइसशी करार केला आहे का आणि रात्री-अपरात्री वकिलाला गाठायचा नंबर विद्यापीठाने जाहीर केला आहे का, हेही घरच्यांनी विचारून घ्यावं.