पुरुषवेश संग्रह

एखाद्या अभिकल्पकाने (डिझायनरने) किंवा वस्त्रगृहाने एका हंगामासाठी आखलेला आणि एकाच वेळी मांडलेला पुरुषांच्या कपड्यांचा संच. बोलताना सगळे ‘कलेक्शन’च म्हणतात. सूट, सदरे, विणलेले कपडे, ओव्हरकोट, पादत्राणे, पिशव्या असे बरेच काही त्यात येते. मात्र दुकानातल्या मालाच्या बेरजेला संग्रह म्हणत नाहीत. कापड, रंग आणि मुख्यतः बाह्याकृती यांतून एक सूत्र दिसावे लागते. पुरुषवेशातले कपड्यांचे प्रकार फारसे बदलत नाहीत. कोट, पँट आणि सदरा हे त्रिकूट शतकाहून अधिक काळ जागचे हललेले नाही. त्यामुळे येथला नवेपणा खांद्याच्या रुंदीत, मुंढ्याच्या (बाही जोडतात त्या घेराच्या) उंचीत आणि पँटच्या मोहरीत (खालच्या तोंडाच्या रुंदीत) मोजावा लागतो. नवख्या प्रेक्षकाला दोन हंगाम सारखेच वाटतात ते याच कारणाने.

हे संग्रह वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जूनमध्ये, दाखवले जातात. जानेवारीतले कपडे त्याच वर्षीच्या शरद-हिवाळ्याचे, जूनमधले पुढच्या वर्षीच्या वसंत-उन्हाळ्याचे असतात. मधल्या महिन्यांत मागण्या नोंदवून माल शिवला जातो. फ्लॉरेन्स, मिलान, पॅरिस असा नेहमीचा क्रम आहे. फ्लॉरेन्सचा ‘पित्ती उओमो’ (१९७२ पासून) हा मुळात व्यापारी मेळा. तेथे रॅम्पपेक्षा आवारात नटूनथटून फिरणारे खरेदीदारच जास्त टिपले जातात. लंडनने २०१२ मध्ये आणि न्यूयॉर्कने २०१५ मध्ये पुरुषवेशाचे स्वतंत्र सप्ताह सुरू केले. ते वेगळेपण पुढे फारसे टिकले नाही.

पहिला संग्रह कोणता, याविषयी एकमत नाही. इटालियन लेखक १९५२ हे वर्ष देतात. गाएतानो साव्हिनी आणि नाझारेनो फोंतिकोली यांनी १९४५ मध्ये रोममध्ये काढलेल्या ‘ब्रियोनी’ या शिवणगृहाने त्या वर्षी फ्लॉरेन्सच्या पित्ती राजवाड्यातील ‘साला बियांका’ या दालनात पुरुषांचे कपडे रॅम्पवर आणले. तोवर तेथे स्त्रियांच्या कपड्यांचीच प्रदर्शने होत असत. फ्रेंच परंपरा १९६० कडे बोट दाखवते. अभिकल्पक प्येर कार्दँ यांनी त्या वर्षी पॅरिसमध्ये आपला पुरुषवेश मांडला आणि तो चालवून दाखवायला व्यावसायिक मॉडेलांऐवजी विद्यार्थी घेतले. इंग्रजी ग्रंथांत अभिकल्पक हार्डी एमीज यांचे नाव येते. ‘हेपवर्थ’ या साखळी दुकानांसाठी काम करणाऱ्या एमीज यांनी १९६१ मध्ये लंडनमध्ये तयार कपड्यांचा पुरुषवेश रॅम्पवर दाखवला. वाद वरवर तारखांचा दिसतो, पण खरा प्रश्न व्याख्येचा आहे. पुरुष रॅम्पवर चालला एवढेच पाहिले तर ब्रियोनीचा मान पहिला. तयार कपडे हीच अट धरली तर एमीज यांचा दावा भक्कम ठरतो. कार्दँ यांच्या कपड्यांत मात्र एकाच हाताची ओळख पटेल असे सूत्र होते: सडपातळ, नळीसारखा कोट, अरुंद खांदा आणि काही नमुन्यांत कॉलरच नाही. संग्रहाचा आजचा अर्थ याच्याशी अधिक जुळतो. म्हणून या नोंदीत १९६० पासूनचा काळ आधुनिक धरला आहे.

यापूर्वीही पुरुषांचा नवा वेश जाहीर करण्याचे प्रसंग घडले होते. त्यांतला सर्वांत चर्चिला गेलेला प्रसंग ऑक्टोबर १६६६ मधला. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने आपण एक नवा वेश रूढ करणार असून तो कधीही बदलणार नाही, असे दरबारी सल्लागारांपुढे सांगितल्याची नोंद सॅम्युएल पीप्स यांच्या दैनंदिनीत ८ ऑक्टोबरला आहे. हा वेश म्हणजे कोटाखाली घालायचे लांब ‘व्हेस्ट’. पुढच्या वेस्टकोटाचे आणि पर्यायाने तीन कपड्यांच्या सुटाचे मूळ बहुतेक अभ्यासक त्यात पाहतात. व्हेस्टचा उगम कोठला, हे मात्र निश्चित नाही. त्याच काळातले दैनंदिनीकार जॉन एव्हलिन यांनी तो इराणी धर्तीचा असल्याचे लिहिले आहे; काहींच्या मते त्यात पूर्वेकडचे नावापुरते होते आणि फ्रेंच दरबाराच्या नकलेतून सुटण्याचा हेतू मोठा होता. दुसरे मत अधिक पटण्याजोगे आहे. कधीही न बदलणारे हे व्हेस्ट पुढे आखडत आखडत कमरेपर्यंत आले, ते वेगळेच.

पुरुषवेश एकसुरी का झाला, याचे उत्तर देताना मानसशास्त्रज्ञ जे. सी. फ्लूगेल यांनी १९३० मध्ये ‘पुरुषांचा महात्याग’ ही कल्पना मांडली. अठराव्या शतकाच्या अखेरीस पुरुषांनी भरजरीपणा, रंग आणि अलंकार सोडून दिले व गडद, साधा वेश पत्करला, असे त्यांचे म्हणणे. ही मांडणी दीर्घकाळ प्रमाण मानली गेली. अलीकडे मात्र तिच्यावर दोन बाजूंनी आक्षेप घेतले जातात: एक तर हा बदल बराच आधी, सतराव्या शतकातच सुरू झाला असावा, दुसरे, एकोणिसाव्या शतकातले पुरुष कपड्यांवर खर्च करीतच होते, फक्त तो खर्च कापडाच्या पोतात आणि बेतणीच्या काटेकोरपणात मुरत होता. पोशाखासाठी गाजलेले इंग्रज गृहस्थ ब्यू ब्रमेल (१७७८–१८४०) यांचा डौल गळपट्टीच्या बांधणीत आणि अंगाबरोबर बसणाऱ्या कोटात होता, भरतकामात नव्हता. लंडनच्या सॅव्हिल रो या रस्त्यावरच्या शिंपीकामाची प्रतिष्ठा याच दृष्टीवर उभी राहिली.

समकालीन पुरुषवेशातले बहुतेक बदल समजायचे असतील, तर कोट उलटा करून पाहावा लागतो. वरचे कापड आणि अस्तर यांच्यामध्ये छातीला आकार देणारा एक थर असतो. परंपरेने हा कॅनव्हास लोकर किंवा सुताच्या ताण्यात घोड्याचे केस बाण्याने भरून विणतात. तो वरच्या कापडाला चिकटवत नाहीत. हाताच्या सैल टाक्यांनी धरून ठेवतात. लॅपलच्या (कॉलरला जोडून छातीवर उलटणाऱ्या पट्टीच्या) आत हे टाके दाट आणि किंचित ओढून घेतले, की लॅपल इस्त्रीच्या घडीने न मोडता आपोआप वळते. उंची कोटाचे लॅपल बोटाने सपाट दाबले तरी पुन्हा उचलून येते ते यामुळे. स्वस्त कोटात याऐवजी राळेचा लेप दिलेले कापड उष्णतेने चिकटवतात. शिंप्यांच्या बोलीत हेच ‘पेस्टिंग’. यात वेळ वाचतो, पण ड्रायक्लीनिंगच्या काही फेऱ्यांनंतर चिकटलेला थर जागोजागी सुटून छातीवर फुगे येऊ शकतात. कॅनव्हास फक्त छातीपर्यंत आणि खाली पेस्टिंग, असा मधला प्रकारही बराच चालतो.

मुंढ्याचे गणित सामान्य समजुतीच्या उलट आहे. मुंढा खाली, मोकळा ठेवला म्हणजे कोट आरामशीर होईल असे वाटते. प्रत्यक्षात हात वर केला की बाहीबरोबर सगळा कोट वर खेचला जातो आणि कॉलर मानेपासून सुटते. मुंढा काखेजवळ उंच घेतला तर हात हलतो, धड जागच्या जागी राहते. नेपल्सच्या शिंप्यांनी यावर आणखी एक कडी केली. बाहीचा वरचा घेर मुंढ्यापेक्षा मोठा बेतून ते जास्तीचे कापड बारीक चुण्यांनी सामावून घेतात, त्यामुळे खांद्याची शिवण शर्टाच्या खांद्यासारखी दिसते. भरावही जवळजवळ नसतो. हा मऊ कोट १९३० च्या दशकात जेन्नारो रुबिनाच्ची यांच्या दुकानात व्हिन्चेन्झो अत्तोलिनी यांनी घडवला, असे सामान्यतः मानतात. घडवणारे एकटेच होते असे नाही. एखाद्या शिंप्याच्या नावावर जमा झालेल्या युक्त्या बहुधा गावभरच्या असतात.

जॉर्जो आर्मानी (१९३४–२०२५) यांनी १९७५ मध्ये स्वतःचे वस्त्रगृह काढल्यावर हीच मऊ घडण कारखान्यात आणली. भराव आणि अस्तर कमी केले, बटण आणि लॅपलची खाच खाली उतरवली, कापड ओघळते निवडले. कोट अंगावर बसण्याऐवजी अंगावरून पडू लागला. १९८० च्या दशकातला रुंद खांद्याचा, ढगळ सूट येथून निघाला. कचेरीतल्या अधिकाऱ्यांनी तो उचलताना खांद्यात भराव परत घातला, हा भाग आर्मानींच्या नावावर मांडणे अन्यायाचे होईल.

उलट दिशेचा झोका २००१ च्या जानेवारीत आला. ‘दिओर’च्या पुरुषवेश शाखेसाठी, ‘दिओर ओम’साठी, एडी स्लिमान यांनी पहिल्याच प्रदर्शनात कोट आणि पँट इतकी आवळली, की कार्ल लागरफेल्ड यांच्यासारख्या ज्येष्ठ अभिकल्पकाने ते कपडे अंगात यावेत म्हणून सुमारे १३ महिन्यांत ४० किलोंहून अधिक वजन उतरवल्याचे स्वतः सांगितले. पुढची जवळजवळ पंधरा वर्षे हाच अरुंद साचा बाजारात झिरपत राहिला. लॅपल पाच-सहा सेंमीवर आले, पँटची मोहरी सपाट ठेवून मोजली तर सोळा-सतरा सेंमी भरू लागली. न्यूयॉर्कच्या थॉम ब्राउन यांनी वेगळी वाट धरली: कोट आखूड, पँट घोट्याच्या वर, करड्या कापडाचा जवळजवळ गणवेश. पहिल्यांदा पाहणाऱ्यांना तो चुकून आटलेला सूट वाटे.

२०१० च्या दशकाच्या उत्तरार्धात साचा पुन्हा सैलावला. खांद्याची शिवण दंडावर उतरली, पँटला चुण्या परतल्या आणि मोहरी पंचवीस सेंमीच्या आसपास गेली. या सैलपणाची तुलना नेहमी १९८० च्या दशकाशी होते, पण आतली घडण वेगळी आहे. तेव्हाचा खांदा भरावाने उभा असे. आताचा बऱ्याचदा भरावाविना, नुसत्या जास्तीच्या कापडाने ओघळतो.

याच सुमारास रस्त्यावरचे कपडे रॅम्पवर आले. हुडी, स्नीकर, छापील टी-शर्ट यांना उंची वस्त्रगृहांत जागा मिळाली. जानेवारी २०१७ मध्ये ‘लुई व्हितों’च्या पुरुष संग्रहात स्केटबोर्डवाल्यांची ‘सुप्रीम’ ही छाप दिसली. पुढच्याच वर्षी स्थापत्य अभियांत्रिकी आणि वास्तुकला शिकलेले व्हर्जिल ॲब्लो तेथे पुरुषवेशाचे प्रमुख झाले. २०२१ मध्ये त्यांच्या निधनाने ही जागा रिकामी झाली आणि २०२३ मध्ये ती संगीतकार फरेल विल्यम्स यांच्याकडे गेली. शिवणकामाची रीतसर तालीम नसलेल्या व्यक्तीकडे संग्रह सोपवण्याची ही पद्धत काही जाणकारांना खटकते. तिचा लाभ प्रसिद्धीला होतो, घडणीला किती होतो ते सांगणे अवघड. पॅरिसमध्येच ‘एर्मेस’ या वस्त्रगृहाचा पुरुषवेश व्हेरोनिक निशानियाँ यांनी १९८८ पासून साडेतीन दशकांहून अधिक काळ, फारसा गाजावाजा न करता सांभाळला. २०२३ नंतर ‘गुपचूप श्रीमंती’ म्हणून जे बिनछापाचे, महागड्या कापडाचे कपडे गाजले, ते तेथे आधीपासूनच होते.

जपानी अभिकल्पकांपैकी रेई कावाकुबो आणि योजी यामामोतो यांचे पुरुष संग्रह १९८० च्या दशकात पॅरिसमध्ये आले. काळा रंग, न जुळणाऱ्या बाजू आणि मुद्दाम सोडलेले काठ ही त्यांची लक्षणे. पुरुषांसाठी स्कर्ट याच दशकात झाँ-पोल गोत्ये यांनी आणला. तो अधूनमधून परततो, अजून रोजच्या वापरात रुळलेला नाही.

स्त्री आणि पुरुष यांचे संग्रह एकाच रॅम्पवर दाखवण्याचा प्रघात २०१० च्या दशकाच्या मध्यापासून वाढला. ‘गुची’ने २०१७ मध्ये दोन्ही एकत्र केले, नंतर कधी वेगळे, कधी पुन्हा एकत्र असे चालू आहे.