टेकू (बांधकामातील)

टेकू : कललेली, पोट सुटलेली किंवा शेजारचा आधार गेलेली भिंत दुरुस्ती वा पाडकाम होईपर्यंत आहे त्या जागी धरून ठेवणारी तात्पुरती आधाररचना, धिरा. टेकूने भिंत सरळ करायची नसते. तो ठोकून घट्ट केला की जुना चुना सुटतो आणि तडा रुंदावतो.

तिरपा, आडवा आणि उभा असे तीन प्रकार मानतात. तिरप्या टेकूत भिंतीला उभी जाड फळी लावतात. फळीतून भिंतीत सुमारे १० सेंमी. शिरणारी लाकडी खुंटी बसवून तिच्या खाली वाशाचे, म्हणजे भिंतीला रेटणाऱ्या तिरप्या लाकडाचे, टोक अडकवतात. वाशाचा पाय जमिनीत तिरक्या पुरलेल्या पाटावर (जाड फळीवर) येतो. असे टेकू साधारण ३ ते ४.५ मी. अंतराने उभे करतात.

वाशाच्या कोनाबद्दल एकमत नाही. प्रत्यक्षात ६० ते ७५ अंशांचा कोन रूढ आहे, कारण त्याला रस्त्याची जागा कमी लागते. बलांचा हिशेब ४५ अंशांच्या बाजूने आहे. वासा भिंतीला आडवा रेटा देतो आणि त्याच वेळी वर सरकू पाहतो. हा ऊर्ध्व रेटा ४५ अंशांत आडव्या रेट्याइतका, ६० अंशांत सुमारे १.७ पट, तर ७५ अंशांत ३.७ पट होतो. तो खुंटीवर येतो आणि खुंटीच्या वरच्या भिंतीच्या वजनानेच दबतो. वर दोन-तीन थरच उरले असतील, तर खुंटी विटा उचलते. म्हणून जागा असेल तेथे ४५ ते ६० अंश अधिक सुरक्षित. वाशाची व भिंतीची मध्यरेषा मजल्याच्या पातळीवर मिळाव्यात. दोन मजल्यांच्या मधोमध टेकवलेला वासा भिंत आत ढकलतो. वासा व पाट यांतील कोन काटकोनाहून किंचित कमी ठेवतात, म्हणजे पाय पहारीने भिंतीकडे सरकवत वासा बेताने आवळता येतो. घणाने पाचर मारू नये.

पुण्यातील पेठांच्या जुन्या वाड्यांत बराच भार लाकडी खांब-तुळया घेतात, आणि वरच्या मजल्यांच्या भिंती अनेकदा विटामातीच्या असतात. खांबाचा पाय कुजला असेल तर भिंतीला टेकू देऊन भागत नाही. तुळईखाली उभे टेकू प्रत्येक मजल्यावर एकाच ओळंब्यात, थेट जमिनीपर्यंत न्यावे लागतात. सेंट्रिंगचा (स्लॅबच्या साच्याला आधार देणारा) लोखंडी जॅक नुसत्या कडीपाटावर उभा केला तर फळी दबते. जॅक जितका लांब काढावा तितकी त्याची क्षमता घटते. पेठांखालून कात्रजच्या जुन्या नळाचे, म्हणजे तलावातून शहरात पाणी आणणाऱ्या वाहिनीचे, बांधीव मार्ग गेले आहेत. पाट पुरण्यापूर्वी खाली पोकळी नाही ना, हे पहारीने ठोकून पाहावे. शेजारचा वाडा पाडल्यावर उघड्या पडलेल्या सामाईक भिंतीला समोरच्या भिंतीपर्यंत आडवा टेकू देतात, ९ मी.पर्यंतच्या अंतराला तो सोयीचा.

विटामातीच्या भिंतीतील माती भिजली की तिची ताकद घटते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून आलेल्या पुरात नदीकाठच्या पेठांतील अनेक वाडे कोसळले. धोकादायक इमारतींबाबत महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली नोटीस दिली जाते. तड्यावर दोन्ही बाजूंना सिमेंटने चिकटवलेली, तारीख लिहिलेली काचपट्टी तुटली तर हालचाल चालू आहे असे समजावे.

भिंतीचा खालचा भाग नव्याने बांधताना १ ते २ मी. अंतराने आरपार आडव्या तुळया घालून वरचा भार उभ्या टेकूंवर घेतात. नवे काम किमान ७ दिवस मुरू दिल्यावर आधी या तुळया, मग मजल्यांचे टेकू, आणि शेवटी तिरपे टेकू सुमारे दोन-दोन दिवसांच्या अंतराने काढतात.