खान्देशातील जुन्या दफनभूमी आणि तिथली जीवसृष्टी : पार्श्वभूमी

तापीच्या खोऱ्यातील काळी जमीन आज बहुतेक कापूस, केळी आणि मक्याखाली आहे. मैदानी भागात नांगर कधीच न फिरलेली जमीन शोधायची झाली, तर गायरानाच्या उरल्यासुरल्या तुकड्यांनंतर नजर जाते ती गावाबाहेरची कबरस्ताने, रेल्वे वसाहतींजवळच्या ख्रिस्ती दफनभूमी आणि लिंगायत, महानुभाव, गोसावी यांच्या समाधीच्या जागांकडे. या जागांवर आढळणारे गवत, वेली, पक्षी आणि सरपटणारे प्राणी श्रद्धेमुळे टिकले असे सहज म्हटले जाते, परंतु इतिहास पाहता श्रद्धेपेक्षा जमिनीच्या वापराने, किंवा नेमके सांगायचे तर वापर न झाल्याने, हे काम अधिक केले आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी खान्देशात पडीक जमिनीची वाण नव्हती. 1802 मध्ये होळकरांच्या फौजांनी केलेली लूट, लगेच आलेला 1803-04 चा दुष्काळ आणि पाठोपाठची बंडाळी यांमुळे शेकडो गावे ओस पडली, शेतात झुडपे माजली आणि वाघांचा वावर वस्तीपर्यंत आला. 1818 मध्ये इंग्रजांचा अंमल बसल्यावर जॉन ब्रिग्ज यांनी धुळ्यास मुख्य ठाणे केले आणि जमीन पुन्हा लागवडीखाली आणण्याचे धोरण सुरू झाले. पुढे 1861 ते 1865 या अमेरिकी यादवी युद्धाच्या काळात तिकडचा कापूस येणे घटल्याने कापसाचे भाव भडकले आणि लोहमार्गही येऊन पोचल्याने, जिथे बैल उभा राहू शकतो तिथे कपाशी पेरली जाऊ लागली. पवन्या, मारवेल आणि कुसळी या गवतांची सलग कुरणे याच ओघात आकसली. दफनभूमी मात्र शेतसाऱ्याच्या हिशेबात लागवडीयोग्य धरली जात नसल्याने, आणि मढे पुरलेल्या जागी औत घालायला कोणी धजावत नसल्याने, तशीच राहिली.

या जागांचे वय सारखे नाही. तापीकाठच्या थाळनेरला खान्देशावर राज्य केलेल्या फारुकी घराण्याच्या कबरी आहेत. घराण्याचा संस्थापक मलिक राजा 1399 मध्ये वारला व तिथेच पुरला गेला. अशा जुन्या घुमटांत पाकोळ्या, पारवे आणि वटवाघळे हमखास वस्ती करतात, आणि फळे खाणाऱ्या पक्ष्यांच्या व वटवाघळांच्या विष्ठेतून पडलेल्या बियांपासून चुन्याच्या भेगांत पिंपळ-उंबर रुजतात. वास्तूच्या दृष्टीने ते रोपटे उपटणेच योग्य असते, आणि या एका बाबतीत पुरातत्त्वाचे म्हणणे झाडाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी मुकाट्याने मान्य करावे.

इंग्रजी दफनभूमी त्या मानाने अलीकडच्या. भुसावळ हे लोहमार्गाचे जंक्शन झाल्यावर तिथे युरोपीय व अँग्लो-इंडियन नोकरवर्गाची वस्ती वाढली आणि तिच्याबरोबर दगडी कुंपणाची दफनभूमीही आली. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यात आयुष्य वेचलेले मेजर रॉबर्ट गिल 1879 मध्ये वारले, त्यांची कबर भुसावळलाच आहे. चित्रकार म्हणून त्यांची ओळख आहे तशीच वाघांचे शिकारी म्हणूनही आहे.

कुंपण ही यातली कळीची गोष्ट. ज्या जागेभोवती भिंत उभी राहिली तिथे शेळ्या शिरल्या नाहीत, आणि जिथे शेळी शिरत नाही तिथे गवताला बी धरायला अवसर मिळतो. भिंत नसलेल्या कबरस्तानांत हेच काम काट्यांनी केले. तरस ताज्या कबरी उकरते, म्हणून मातीवर दगड रचून वर बाभळीच्या किंवा बोरीच्या फांद्या टाकण्याची रीत होती. त्या दगडांच्या पोकळ्यांत सापसुरळी, पाली आणि विंचू राहू लागले, त्यांच्या मागावर मुंगूस आणि साप आले. काटेरी कुंपणावर गुळवेल, शतावरी, गुंज आणि पावसाळ्यात लाल-पिवळ्या फुलांची कळलावी चढली. लावलेली झाडे वेगळी : कबरीवर सब्जा, उशाशी पांढरा चाफा, वाटेवर कडुनिंब आणि चिंच. यांतला चाफा मूळचा मध्य अमेरिकेकडचा. जुन्या निंबाच्या ढोलीत ठिपकेदार पिंगळ्याची जोडी दिवसाही डोकावताना दिसते. त्यालाच रानपिंगळा समजण्याची चूक अधूनमधून होते. रानपिंगळा हा सातपुड्याच्या सागवनातला, शंभरहून अधिक वर्षे बेपत्ता राहून 1997 मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडलेला पक्षी आहे आणि कबरस्तानाशी त्याचा काही संबंध नाही.

दफनभूमीकडे जीवसृष्टीचा ठेवा म्हणून पाहण्याची पद्धत ब्रिटनमध्ये अधिक रुळली. तिथे 1930 च्या दशकापासूनच्या अर्धशतकात फुलझाडांनी समृद्ध अशी सखल भागातील सुमारे 97 टक्के कुरणे नाहीशी झाली, आणि चर्चच्या आवारांत त्या कुरणांचे अवशेष उरले. शतकानुशतके जगलेले यू नावाचे सदाहरित वृक्ष आणि थडग्यांवरची दगडफुले (लायकेन) हे तिथले वैभव. ऑस्ट्रियाचे वनस्पतिशास्त्रज्ञ रोलँड बेशेल यांनी 1950 च्या सुमारास थडग्यावरील मृत्यूचे साल आणि त्यावरच्या दगडफुलाचा व्यास यांची सांगड घालून त्याच्या वाढीचा वेग काढला आणि पुढे हिमनद्यांनी सोडलेल्या दगडांचे वय त्याच मापाने ठरवले. भुसावळ-जळगावच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हात काळ्या पाषाणावर दगडफूल तसे बहरत नाही, त्यामुळे तिकडचा कित्ता जसाच्या तसा गिरवण्यात अर्थ नाही. इकडची श्रीमंती गवतात, कुंपणात आणि ढोल्यांत आहे.

तीही आता सुरक्षित नाही. दुर्लक्षित आवारांत वेडी बाभूळ, घाणेरी आणि गाजरगवत माजते, आणि त्यांच्या सावलीत पवन्यासारखे गवत तग धरत नाही. म्हणजे नुसते सोडून दिल्याने जैवविविधता वाढते हा समज खोटा. दुसरीकडे सुशोभीकरणाचा निधी आला की जेसीबीने सपाटीकरण होते, तणनाशक फवारले जाते, पेव्हर ब्लॉक बसतात आणि ढोली असलेले झाड धोकादायक ठरवून तोडले जाते. या दोहोंत दुसरा प्रकार अधिक घातक, कारण घाणेरी उपटता येते, पण सिमेंटखाली गेलेले बियाणे परत येत नाही. व्यवहारात यावरचा उपाय स्वस्त आहे : परकी झुडपे पावसाळ्यात माती ओली असताना मुळासकट काढावीत, गवताला विळा दिवाळीनंतर, बी झडल्यावरच लावावा, कापलेले गवत जागेवर न जाळता गोठ्यांना द्यावे, आणि वठलेल्या निंबाच्या फक्त वाटेवर झुकलेल्या फांद्या उतरवून खोड उभे ठेवावे.