हाथाजोडी: झाडाचं मूळ की घोरपडीचं अंग?

पूजेच्या सामानाच्या दुकानात किंवा ऑनलाइन हाथाजोडी म्हणून जे मिळतं ते नेमकं काय आहे हे घेणाऱ्या बहुतेकांना माहीतच नसतं. विकणारा सांगतो की ही दुर्मिळ जडीबुटी आहे, अमरकंटकच्या जंगलात नाहीतर नेपाळात लुंबिनीकडे सापडते, शेंदूर लावून तिजोरीत ठेवा, पैसा टिकेल, कोर्टातली केस तुमच्या बाजूने लागेल, आणि माणूस घेतो, कारण झाडाचं मूळ घरात ठेवायला काय हरकत आहे असं कुणालाही वाटेल. पण ह्या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू येतात, एक माळरानावर फुकट पडलेली असते आणि दुसरी घरात सापडली तर सात वर्षांपर्यंत तुरुंग होऊ शकतो. म्हणून दोन्ही नीट बघून घेऊ.

आधी झाड. शास्त्रीय नाव मार्टिनिया अ‍ॅनुआ, आपल्याकडे ह्याला विंचू म्हणतात, कुठे वाघनखी. पावसाळ्यात पडीक जमिनीवर, उकिरड्याच्या बाजूला, रस्त्याच्या कडेला उगवतं, पानं मोठी, लवदार, हात लावला की चिकट लागतात, फुलं फिकट गुलाबी. फळ आधी हिरवं असतं, मग वरची साल सुटून पडते आणि आत काळं, लाकडासारखं टणक कवच राहतं, त्याच्या टोकाला दोन वाकडे आकडे. हे आकडे खरंच टोकदार असतात, गावाकडच्या पोरांना ते टोचलेले आठवत असतील, आणि गुराढोरांच्या अंगाला, पायाला अडकून ते लांबलांब जातं. ह्याच झाडाला हिंदी पट्ट्यात काही ठिकाणी हाथाजोडी म्हणतात. म्हणजे ह्या नावाचं झाड खरंच आहे, गुगल केलं तर झाडच दिसतं, आणि इथेच घेणारा निर्धास्त होतो.

पण जरा विचार करा. हे झाड मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचं, आपल्याकडे बाहेरून आलेलं आणि तणासारखं पसरलेलं. वर्षभरात उगवतं, फळतं आणि वाळून जातं, पुढच्या पावसात बी पडून परत नवीन. मग त्याचं शंभर वर्षांतून एकदा सापडणारं मूळ कुठून येणार? एखादं उपटून बघा, साधं मूळ असतं, हात जोडल्यासारखं त्यात काहीच नसतं. दोन टोकं असतात ती फळाला, आणि ती सुद्धा आकड्यासारखी.

आता डबीतली वस्तू. साधारण बोटाएवढी, तपकिरी काळपट, सुरकुतलेली, दोन दांडे शेजारी शेजारी आणि वरच्या टोकाला मुठी आवळल्यासारखा आकार, म्हणजे कोपरापासून पुढचे दोन हात वाटावेत असं. बहुतेक वेळा ती तेलात भिजवलेली आणि शेंदरात बुडवलेली मिळते, सोबत चार लवंगा, वेलची, तांदूळ, चांदीच्या रंगाची डबी. शेंदराचा थर एवढा असतो की खाली काय आहे ते कळायला मार्गच राहत नाही. आणि खाली असतं घोरपडीच्या नराचं वाळवलेलं जननेंद्रिय.

हो, तेच. पाली, सरडे, साप, घोरपडी ह्या सगळ्यांच्या नरांचं लिंग दोन भागांचं असतं आणि एरवी ते शेपटीच्या मुळाशी आत दडलेलं असतं. घोरपडीत त्याच्या टोकाला चुण्या आणि कूर्चेचा आधार असतो, वाळल्यावर ते मिटलेल्या बोटांसारखं दिसतं. ते बाहेर काढायला प्राण्याला काय केलं जातं हे लिहायला पण हात धजत नाही, तपास करणाऱ्यांनी नोंदवलंय की शेपटीखालचा भाग विस्तवाने भाजतात आणि मग कापून घेतात, कित्येकदा जनावर जिवंत असताना. एक डबी म्हणजे मेलेली एक घोरपड, हा हिशोब घेणाऱ्याला कधीच सांगितला जात नाही.

हे फक्त अंदाजाने बोललं जात नाहीये. 2017 मध्ये वर्ल्ड अ‍ॅनिमल प्रोटेक्शन ह्या संस्थेच्या लोकांनी हा व्यापार उघडकीस आणला, नमुने इंग्लंडमधल्या मँचेस्टर मेट्रोपॉलिटन युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये तपासले गेले आणि ते घोरपडीचेच निघाले. तेव्हा अ‍ॅमेझॉन, ईबे सारख्या साइट्सवर उघड विक्री चालू होती, भारताबाहेर सुद्धा, तिकडे एका नगाला दोनशे पौंडांपर्यंत भाव सांगितला जायचा. जाहिरातीत काय लिहिलेलं असायचं? दुर्मिळ झाडाचं पवित्र मूळ. परदेशात राहणाऱ्या आपल्या लोकांनी हे वाचूनच मागवलं असणार, कुणी मुद्दाम घोरपड मारून मागवत नाही.

मग घरी बसून ओळखायचं कसं? झाडाचं फळ असेल तर सोपं आहे, कवच टणक, आकडे टोकदार, त्यात शंका राहत नाही. पण "मूळ" म्हणून शेंदरात आलेली मुठीवाली वस्तू असेल तर ती नुसती बघून खात्रीने काही सांगता येत नाही, एक्सरे किंवा डीएनए तपासणीच लागते, आपल्याकडे डेहराडूनची वाइल्डलाइफ इन्स्टिट्यूट आणि हैदराबादची सीसीएमबी ही सरकारी संशोधन संस्था अशा तपासण्या करतात. साच्यात घालून बनवलेल्या नकली पण बाजारात निघतात. आणि मला सगळ्यात जास्त ह्याच गोष्टीची काळजी वाटते, कारण नकलीच्या भीतीने लोक जास्त पैसे मोजून "१००% ओरिजिनल, लॅब सर्टिफाइड" वाली शोधतात, आणि ह्या बाबतीत ओरिजिनल म्हणजे झाडाचं नव्हे, ओरिजिनल म्हणजे घोरपडीचं. जेवढी खात्री देऊन विकतात तेवढं ते घेऊ नये. सर्टिफिकेटवर वनस्पतीचं नाव छापायला प्रिंटर पुरतो.

कायद्याचं पण सरळ सांगते. भारतात घोरपडीच्या चार जाती आहेत आणि चारही वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्याच रांगेत. शिक्षा तीन ते सात वर्षं, दंड कमीत कमी 25,000. आणि फक्त मारणं किंवा विकणं नाही, विकत घेणं आणि जवळ ठेवणं सुद्धा गुन्हाच. कलम 57 असं आहे की वस्तू तुमच्या ताब्यात होती हे सिद्ध झालं की ती बेकायदा होती असंच धरलं जातं, तसं नाही हे तुम्ही सिद्ध करायचं. "आम्हाला मूळ म्हणून दिलं हो" हे खरं असलं तरी ते पटवून देण्याचं ओझं तुमच्या डोक्यावर येतं, विकणारा तोवर नवीन नावाने नवीन पेज उघडून बसलेला असतो.

हाच प्रकार इंद्रजालचा. काळसर जाळीदार फांदी फ्रेममध्ये लावून नजर लागू नये म्हणून दारावर टांगतात, विकताना समुद्रातली वनस्पती सांगतात, पण ती वनस्पती नसतेच, असंख्य बारीक प्राण्यांची वसाहत असते, समुद्रपंखा नाहीतर काळं प्रवाळ, आणि ती सुद्धा पहिल्या अनुसूचीत.

घोरपडीबद्दल मला जास्त वाईट वाटतं कारण आपल्या भागात हे जनावर परकं नाही. कोंढाण्याची यशवंतीची गोष्ट (इतिहास म्हणून ती टिकत नसली तरी) लहानपणी ऐकली नाही असा मराठी माणूस सापडायचा नाही. शेतात उंदीर, किडे खाते, मेलेली जनावरं साफ करते, वारुळात अंडी घालते, माणसाला विषारी नाही, उलट माणूस दिसला की पळते. तरी तेलासाठी, मटणासाठी आणि आता ह्या डबीसाठी मारली जाते. आणि सवय बदलता येते हे गोव्याने दाखवलंय. तिथल्या घुमट ह्या मातीच्या वाद्याला पिढ्यान्पिढ्या घोरपडीचंच कातडं लावायचे, आता बकरीचं लावतात, 2019 मध्ये घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान्यता मिळाली आणि चतुर्थीची आरती आजही घुमटावरच होते. आवाज थोडा वेगळा येतो असं जुने वाजवणारे म्हणतात, पण वाजवायचं कुणी सोडलं नाही.

आता ज्यांच्या घरात आधीच अशी डबी आहे त्यांच्यासाठी. ती दुसऱ्याला देऊ नका, ओएलएक्सवर टाकू नका, नदीत सोडू नका. कायद्यात अशी वस्तू हाती आली की 48 तासांत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा वन अधिकाऱ्याला कळवायला सांगितलंय, जितका उशीर तितकं सांगणं अवघड होत जातं, त्यामुळे कळलं त्याच दिवशी वनविभागाच्या ऑफिसात जा, महाराष्ट्रात 1926 वर फोन पण करता येतो. शक्य झालं तर आधी एखाद्या ओळखीच्या वकिलाशी बोलून घ्या, आणि बिल, ऑर्डरचा मेसेज, पेमेंटचा स्क्रीनशॉट, विकणाऱ्याचा नंबर जे काही असेल ते डिलीट न करता सोबत घेऊन जा, कारण तुम्ही मूळ समजूनच घेतलं होतं हे दाखवायला तेवढंच हाताशी असतं, आणि विकणाऱ्यापर्यंत पोचायचा रस्ता पण त्यातूनच निघतो.