जागा असेल तेवढेच बिट

बेळगावच्या टिळकवाडीत खाडकन उघडणारा व्हिडिओ जांबोटी सोडून कणकुंबीकडे चढताना अडखळायला लागतो. मध्ये डोंगर येतो, पावसाळ्यात ओली गच्च झाडी येते आणि टॉवरही लांब राहतो. तरी अडखळत का होईना, तो चालतो. 4जी फोनवर दोन्ही ठिकाणी जादा बिट जोडून चूक दुरुस्त करणारा कोड एकच असतो. घाटासाठी वेगळं गणित कुणी बसवलेलं नाही. फरक पडतो तो कोड तयार झाल्यानंतरच्या एका पायरीवर. तिला रेट मॅचिंग म्हणतात, म्हणजे मिळालेल्या जागेत बसतील तेवढेच बिट पाठवणं. कौतुक सगळं क्लॉड शॅननच्या 1948 सालच्या माहिती सिद्धांताचं आणि 1993 साली आलेल्या टर्बो कोड या चूक दुरुस्त करणाऱ्या कोडचं होतं. ते रास्तच आहे, पण ही पायरी नसती तर टर्बो कोड फोनमध्ये आणणं फार महागात पडलं असतं.

4जीमध्ये डेटासाठी टर्बो कोड वापरतात. संदेशाच्या प्रत्येक बिटामागे (बिट म्हणजे 0 किंवा 1) तो तीन बिट देतो : एक मूळचा आणि दोन पडताळणीचे. 1024 बिटांचा तुकडा घातला की शेवटचे 12 जादा धरून 3084 बिट बाहेर पडतात. पण हवेत 3084 बिटांची जागा मोजून ठेवलेली नसते. फोन टॉवरला थोड्या थोड्या वेळाने 0 ते 15 मधला एक आकडा कळवत असतो : इथे सिग्नल कसा आहे. 15 म्हणजे झकास. तेव्हा पाठवलेल्या दर 1024 बिटांत संदेशाचे 948 बसवायचे असं 4जीच्या मूळच्या कोष्टकात लिहिलेलं आहे. 1 आकडा आला तर फक्त 78.

म्हणजे आपल्या तुकड्याला शहरात सुमारे 1100 बिटांचीच जागा मिळते आणि 3084 मधले जवळजवळ दोन हजार गाळावे लागतात. घाटात उलट, 13 हजारांहून जास्त जागा भरायची असते आणि हातात 3084च आहेत. गाळण्याला पंक्चरिंग म्हणतात. भरायचं झालं तर तेच बिट पुन्हा पाठवायचे.

दोन्ही कामं एकाच युक्तीने होतात. बिट आधी 32 रकान्यांच्या तक्त्यात घालून पिसतात, म्हणजे गाळलेले सगळे एकाच ठिकाणचे निघत नाहीत. मग ते गोल मांडतात, पुढे मूळचे आणि मागे पडताळणीचे, आणि पंगतीत वाढपी फिरतो तसं ओळीने वाचत सुटतात. जागा संपली की थांबायचं. फेरी पूर्ण होऊनही जागा उरली तर दुसरी फेरी. 78 च्या हिशेबाने चारपेक्षा जास्त फेऱ्या होतात.

खरी गंमत फोनच्या बाजूला आहे. दोन हजार बिट आलेच नाहीत तर संदेश उलगडतो कसा? फोन आलेला बिट लगेच 0 किंवा 1 ठरवून मोकळा होत नाही. तो प्रत्येक बिटाला खात्रीचा आकडा देतो. चिन्ह अधिक असेल तर कल 0 कडे, उणे असेल तर 1 कडे, आकडा जितका मोठा तितकी खात्री जास्त. गाळलेल्या जागा फोनला आधीच ठाऊक असतात. तिथे तो शून्य लिहितो, म्हणजे या बिटाबद्दल मत नाही. चुकीचा बिट उलगडणाऱ्याची दिशाभूल करतो, शून्य तसं करत नाही. तोच बिट चार वेळा आला असेल तर चारही आकड्यांची बेरीज करायची. शेवटी उलगडणाऱ्या यंत्रापुढे कायम 3084 आकडेच येतात, फोन टिळकवाडीत असो की कणकुंबीत. एकच यंत्र पुरतं ते यामुळे.

छपरावरच्या डिशच्या मेन्यूत एफईसी (चूक दुरुस्तीचा दर) 3/4 असं दिसतं, डीव्हीबी-एस या जुन्या पद्धतीत तेही पंक्चरिंगच. मूळ कोड एका बिटाचे दोन करतो. 3 बिटांचे 6 होतात आणि त्यातले 4 पाठवतात. पण उपग्रह सगळ्या घरांसाठी एकच प्रक्षेपण करतो. खानापुरात सर कोसळतेय म्हणून तो एका घरापुरता दर बदलू शकत नाही. डिशच्या लहरी जोराच्या पावसात खरोखर क्षीण होतात, त्यामुळे चित्राचे चौकोन होतात आणि मग पडदा कोरा. अशा वेळी फोन नुसता मंदावतो.

एवढं करूनही तुकडा उलगडला नाही तर फोन आलेले आकडे फेकत नाही, जपून ठेवतो आणि पुन्हा मागतो. 4जीमध्ये ही फेरी साधारण 8 मिलिसेकंदांत होते. टॉवर तेच बिट पुन्हा न देता वर्तुळात दुसऱ्या ठिकाणाहून वाचायला लागतो. सुरुवातीच्या अशा चार जागा ठरलेल्या आहेत, 0 ते 3, आणि सहसा त्या 0, 2, 3, 1 या क्रमाने घेतात. शून्यानंतर थेट दोन, कारण पहिल्या खेपेला न गेलेले बिट वर्तुळाच्या पलीकडच्या बाजूला असतात. नवे आकडे जुन्यांत मिळवले की बहुतेक वेळा काम होतं.

5जीने डेटासाठी टर्बो सोडून एलडीपीसी हा चूक दुरुस्त करणारा दुसरा कोड घेतला, वर्तुळ मात्र ठेवलं. तिथे सर्वांत मोठा तुकडा 8448 बिटांचा आणि वर्तुळ 25,344 बिटांचं. त्या 8448 मधले पहिले 768 बिट वर्तुळात घेतलेलेच नाहीत. सिग्नल कितीही चांगला असो, संदेशाचे ते बिट टॉवरवरून कधी निघतच नाहीत. फोन तिथेही शून्य लिहितो आणि बाकीच्यांवरून ते काढतो.